‘फॅमिली फार्मर’ला मराठीत काय म्हणायचं?

सीनाकाठ, मोहोळ
आमच्या शेतकरी गटासाठी मेक्सिकोवरचा एक लेख मराठीत आणतोय आणि दुसऱ्याच ओळीत अडलोय. आशय असा: नाफ्टा हा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९९४ ला लागू झाला, अमेरिकेत अनुदानावर पिकलेला मका आत आला, भाव पडला आणि ‘फॅमिली फार्मर’ गावं सोडून गेले. मी ‘अल्पभूधारक’ लिहिलं. गटातले एक काका म्हणाले, “माझं रान बारा एकर, सगळं कोरडवाहू. सातबारा बघितला तर मी अल्पभूधारक नाही. म्हणजे हे माझ्याबद्दल नाहीच की.” मग कोणता शब्द घ्यावा?

दफ्तरी
काकांचं बरोबर आहे. एक हेक्टरपर्यंत अत्यल्पभूधारक, एक ते दोन हेक्टर अल्पभूधारक, ही सरकारी मापं. ती जमीन मोजतात, राबतं कोण ते मोजत नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघानं २०१४ हे वर्ष ‘फॅमिली फार्मिंग’च्या नावानं पाळलं, तेव्हा भर घरच्या माणसांच्या श्रमावर होता. ‘कौटुंबिक शेतकरी’ लिहा.

मालदांडी
कौटुंबिक म्हटलं की पुढं कलह किंवा न्यायालय येतं. मंगळवेढ्याकडं कुणी असं बोलत नाही. “घरच्या घरी करतो” म्हणतात. म्हणजे सालगडी नाही, पेरणीला सावड, ज्वारी काढायला लेकी-सुनांसकट सगळं घर. ‘घरकष्टाची शेती’ म्हणा, काकांना लगेच कळेल.

शब्दवेल
शब्द आपल्याकडं आहेच: कुणबी! संस्कृत ‘कुटुंबिन्’वरून आलेला, म्हणजे घरदार घेऊन शेती करणारा. गुजरातीत कणबी, केरळात गेलेल्या कोंकणी लोकांत कुडुंबी. ‘फॅमिली फार्मर’चा इतका नेमका शब्द असताना नवा कशाला पाडायचा?

बार्शी मार्केट यार्ड
आमचे आजोबा सांगायचे, कण आणि बी मिळून कणबी झालं. कुटुंबाचा संबंध नाही.

शब्दवेल
मग ‘कुडुंबी’तला ‘डुं’ कुठून आला? आजोबांबद्दल आदर ठेवूनच विचारतोय.

दफ्तरी
व्युत्पत्ती काहीही असो, आज कुणबी म्हटलं की दाखला आणि आरक्षण. गटाच्या बैठकीत हा शब्द वाचला तर मका बाजूला राहील आणि वेगळीच चर्चा सुरू होईल. धनगर, माळी, लिंगायत, मुसलमान, सगळेच घरच्या घरी शेती करतात. त्यांना वगळणारा शब्द नको.

शब्दवेल
जातीनं ताब्यात घेतला म्हणून आपण शब्द सोडून द्यायचा? तसं एकेक शब्द सोडत गेलो तर उरेल काय?

बार्शी मार्केट यार्ड
माझी अडचण ‘मुक्त व्यापार करार’शी आहे. ‘मुक्त’ म्हटलं की चांगलंच वाटतं. खुला म्हणा. तुरीचं बघा: मे २०२१ ला आयातीचे निर्बंध उठले, मार्च २०२३ ला अख्ख्या तुरीवरची जकातही गेली. आमच्या आडतीवर तुरीचा भाव निघतो तो बाहेरच्या मालाकडं बघूनच.

दफ्तरी
दोन दुरुस्त्या. जकात नाक्यावरची, हे आयात शुल्क. आणि तुरीचा तो निर्णय सरकारचा, कुठल्या करारातला नव्हे.

बार्शी मार्केट यार्ड
आमचे म्हातारे सगळ्यालाच जकात म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. पण दुसरा मुद्दा मान्य, तो फरक मोठा आहे. सरकारनं घटवलेलं शुल्क पुन्हा वाढवता येतं. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क सप्टेंबर २०२४ ला २० टक्के केलं, मे २०२५ ला १० वर आणलं. सोयाबीनवाल्याला जीव मुठीत धरून बसावं लागतं, पण निदान सरकारकडं मागणी तरी करता येते. करारात आकडा दिला की तीही सोय संपते. पामतेलावर जागतिक व्यापार संघटनेत आपल्याला ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा होती. आग्नेय आशियातल्या देशांशी झालेल्या आसियान करारात कच्च्या पामतेलाचा दर ३७.५ टक्क्यांवर आणायचं कबूल केलं, २०१९ अखेरपर्यंत. त्या देशांपुरती ३०० ची मुभा कागदावरच राहिली. सोयाबीन तेलाला तर मुळातच ४५ ची मर्यादा.

सीनाकाठ, मोहोळ
या मर्यादेला लेखात ‘बाउंड रेट’ म्हटलंय. ‘बंधित दर’ लिहू का?

मालदांडी
‘बांधून दिलेला दर’ लिहा. गुरं बांधतात, बांध घालतात, सगळं कळतं. ‘बंधित’ कळायला कोश लागेल.

दफ्तरी
परिभाषेला आटोपशीरपणा लागतो. तक्त्याच्या रकान्यात ‘बांधून दिलेला दर’ मावणार नाही.

मालदांडी
रकाना रुंद करा. ज्याच्या मालाचा भाव पडणार आहे त्याला पहिल्या वाचनात कळलं पाहिजे.

रानवाट
उशिरा आलो. मेक्सिकोत या माणसाला कांपेसिनो म्हणतात, ‘कांपो’ म्हणजे शेत, मुलूख यावरून. आपण सोलापूरकडं शेताला रानच म्हणतो. ‘रानकरी’ कसं वाटतं? आणि ‘गावं सोडून गेले’ऐवजी आमच्यात “जगायला गेले” म्हणतात, कुणी पुण्याला, कुणी मुंबईला.

शब्दवेल
‘रानकरी’ म्हणजे शिकारी वाटेल.

दफ्तरी
‘जगायला गेले’ लेखात शोभणार नाही. ‘स्थलांतर केले’ असं लिहा.

मालदांडी
स्थलांतर पक्षीही करतात, आणि ऋतू पालटला की परत येतात. त्या लेखातली माणसं परत आली का, ते आधी बघा, मग शब्द ठरवा.