विषय: प्रादेशिक सेनेतली १९७१ ची नोकरी आणि पेन्शन (नागपूर)

प्रति: मंडळाचे सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या एका ज्येष्ठांसाठी विचारणा आहे. वय ऐंशीच्या पुढे. साठच्या दशकात प्रादेशिक सेनेत (टेरिटोरियल आर्मी) शिपाई म्हणून भरती, १९७१ च्या लढाईसाठी बोलावणं, पुढे काही वर्षांनी डिस्चार्ज. हाताशी पानं सुटलेलं डिस्चार्ज बुक आणि संग्राम मेडल. पेन्शन कधीच सुरू झाली नाही. मुलगा इथे परदेशात आपल्याच शहरात आहे आणि त्याचं नागरिकत्व आता इथलं आहे. लढाईत होते म्हणजे पेन्शन मिळायलाच हवी, असं घरच्यांचं म्हणणं. अर्ज कुठे आणि काय जोडून करायचा?

---

उत्तर (सैनिकी नोंदींची माहिती असलेल्या सभासदाकडून)

नमस्कार,

लढाईत भाग घेतला, एवढ्यावर पेन्शन मिळत नाही, आणि संग्राम मेडल किंवा १९६५ चं रक्षा मेडल हाही पेन्शनचा आधार होत नाही. ही गोष्ट घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा. नाहीतर पुढचा प्रत्येक अर्ज चुकीच्या मुद्द्यावर जाईल आणि तसाच परत येईल. प्रादेशिक सेनेच्या माणसाला दोनच वाटा आहेत: एम्बॉडीड सेवेचे (सरकारी आदेशाने पलटण प्रत्यक्ष सेवेत बोलावली त्या काळाचे) दिवस पुरेसे भरणं, किंवा त्या सेवेत आलेलं अपंगत्व.

आधी नोकरी नेमकी कशातली होती ते ठरवा. घरात सगळ्यालाच 'मिलिटरी' म्हणतात, पण होमगार्ड, लोक सहायक सेना आणि प्रादेशिक सेना या तीन वेगळ्या गोष्टी. होमगार्ड ही राज्याची स्वयंसेवी संघटना आहे, तिथे सैनिकी पेन्शन नाही. लोक सहायक सेनेत महिनाभराचं प्रशिक्षण असे, लढाईवर जाण्याची बांधिलकी नसे, म्हणून पेन्शनचा प्रश्नच येत नाही. प्रादेशिक सेना मात्र १९४८ च्या कायद्याखालची आहे. ओळखायची खूण सोपी आहे: डिस्चार्ज बुकावर सैनिकी नंबर, पलटणीचं नाव आणि रेकॉर्ड ऑफिसचा (रेजिमेंटच्या सैनिकांचे कागद ठेवणारं कार्यालय) शिक्का असतो. बुक फाटलं असेल तर मेडलची कड भिंगाखाली बघा, नंबर, हुद्दा आणि नाव तिथे कोरलेलं असतं. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहाराला तो नंबर लागतो.

आता दिवसांचं. जवान आणि जेसीओंसाठी (सुभेदारासारखे कनिष्ठ आयुक्त अधिकारी) १५ वर्षांची एम्बॉडीड सेवा लागते, अधिकाऱ्यांसाठी २०. ती सलग असायला हवी असं नाही. तुकड्यातुकड्यांनी झालेली चालते, मधल्या खंडांमुळे आधीची सेवा बुडत नाही. मात्र खंडाचे दिवस मोजणीत येत नाहीत. इथेच बहुतेक दावे कोसळतात.

---

पुन्हा विचारणा

धन्यवाद. बुकावर भरतीपासून डिस्चार्जपर्यंत १७ वर्षं दिसतात. मग १५ तर भरली ना? शिवाय डाव्या गुडघ्याला त्या काळात इजा झाली होती असं ते सांगतात.

---

उत्तर

नाही, भरलेली नाहीत. १७ वर्षं ही पटावरची. प्रादेशिक सेनेचा माणूस एरवी आपल्या नोकरी-धंद्यात असतो आणि वर्षाकाठी शिबिराला जातो. शिबिराचे दिवस एम्बॉडीड धरत नाहीत. पलटण सरकारी आदेशाने एम्बॉडी झाली त्या तारखेपासून डिसएम्बॉडी झाली त्या तारखेपर्यंतचाच काळ खरा. बुकात अशा नोंदी तारखांसह असतात. एक कोरा कागद घ्या, प्रत्येक जोडीची 'पासून' आणि 'पर्यंत' तारीख लिहा आणि वर्षं-महिने-दिवस अशी बेरीज करा. १९६५ चे काही महिने आणि १९७१-७२ चा काळ, एवढंच असेल तर बेरीज १५ च्या जवळपासही जाणार नाही. हे ऐकायला वाईट वाटतं, पण म्हाताऱ्या माणसाला खोटी आशा लावून वर्षानुवर्षं खेटे घालायला लावणं त्याहून वाईट.

म्हणून गुडघ्याची गोष्ट महत्त्वाची. एम्बॉडीड असताना इजा झाली, ती सेवेमुळे झाली किंवा सेवेमुळे बळावली, आणि वैद्यकीय मंडळाने २० टक्के किंवा जास्त अपंगत्व लिहिलं, तर १५ वर्षांची अट लागत नाही. प्रादेशिक सेनेच्या जवानाला याबाबतीत नियमित सेनेसारखाच हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ च्या निकालात म्हटलं आहे. तो जवान प्रादेशिक सेनेच्या इकॉलॉजिकल (पर्यावरणाचं काम करणाऱ्या) बटालियनमधला होता. अर्जात या निकालाची तारीख लिहा.

बुकात 'डिस्चार्जचं कारण' हा रकाना आधी वाचा. वैद्यकीय कारण लिहिलं असेल तर दाव्यात जीव आहे. 'मुदत पूर्ण' किंवा 'स्वतःच्या विनंतीवरून' असेल तर इजेचा वेगळा कागद लागेल: इजेचा अहवाल, सैनिकी इस्पितळातल्या भरतीची नोंद, मेडिकल बोर्डाची कार्यवाही. आत्ताच्या खाजगी डॉक्टरचं प्रमाणपत्र तेव्हाच्या इजेचा पुरावा होत नाही. लोक मोठ्या विश्वासाने तेच पहिल्यांदा जोडतात.

---

उत्तर (नागपूरच्या कार्यालयांची माहिती असलेल्या ताईंकडून)

कागद मिळवायचा रस्ता मी सांगते.

सीताबर्डीच्या किल्ल्यात ११८ इन्फंट्री बटालियन (प्रादेशिक सेना) ग्रेनेडिअर्स आहे, म्हणून नागपूरकर थेट किल्ल्याच्या फाटकावर जातात. पन्नास वर्षांपूर्वीच्या डिस्चार्जचे कागद पलटणीत नसतात, रेकॉर्ड ऑफिसमध्ये असतात. बुकावर ग्रेनेडिअर्सचा शिक्का असेल तर जबलपूर, दुसऱ्या रेजिमेंटचा असेल तर तिचं रेकॉर्ड ऑफिस. शिक्का बघूनच पत्ता लिहा.

पेन्शन नसलेल्यांचे सेवा-कागद डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नष्ट करतात. म्हणून 'माझी फाइल द्या' असं लिहिलं की 'कागद उपलब्ध नाहीत' हे एका ओळीचं उत्तर येतं आणि माणूस तिथेच थांबतो. पण लाँग रोल (प्रत्येक सैनिकाच्या मुख्य नोंदींचं रजिस्टर) कायम ठेवतात. अर्जात स्पष्ट मागा: लाँग रोलमधल्या नोंदीची साक्षांकित प्रत, एम्बॉडी-डिसएम्बॉडीच्या तारखा, डिस्चार्जचं कारण, डिस्चार्जच्या वेळची वैद्यकीय श्रेणी, आणि कागद नष्ट केले असतील तर त्याची तारीख व आदेश.

हे माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये. पोस्टल ऑर्डर सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत मिळते. उत्तराला ३० दिवस, न आल्यास किंवा अपुरं आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज काकांच्याच सहीने जाऊ द्या. दोन कारणं: हा हक्क फक्त भारतीय नागरिकाला आहे, त्यामुळे परदेशी पासपोर्ट घेतलेल्या मुलाचा अर्ज बाद होईल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) इथे चालत नाही. आणि दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून नकारही मिळू शकतो. सही थरथरत असेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार.

नावाचा घोळ हमखास असतो. सेनेच्या कागदात आडनाव नसतं किंवा जन्मतारीख अंदाजे, आधारवर तिसरंच काही. बुक, आधार, पॅन आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवून फरक लिहून काढा आणि 'एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. दावा मंजूर झाल्यावर हे काढायला गेलात तर महिने जातात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जावर शिफारस करून पुढे पाठवतं, मंजुरी देत नाही. तिथे मदतीला पैसे लागत नाहीत, 'युद्धाची पेन्शन काढून देतो' म्हणणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका. केंद्रीय सैनिक बोर्डाची गरिबी मदतही तिथूनच जाते: पेन्शन नसलेले, हवालदार हुद्द्यापर्यंतचे, ६५ वर्षांवरचे माजी सैनिक. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दरमहा ८,००० रुपये. पण प्रादेशिक सेनेतला माणूस 'माजी सैनिक' ठरतो तो पेन्शन, सेवेमुळे आलेलं अपंगत्व किंवा शौर्यपदक असेल तरच. आधी तो दर्जा तपासा, मग फॉर्म भरा.

मे महिन्यात काकांना कुठेही फिरवू नका. अधिकारपत्र देऊन भाच्या-पुतण्याला पाठवा.

---

उत्तर (पहिलेच सभासद)

ताईंनी सगळं नीट सांगितलं. एवढंच जोडतो: रेल्वे किंवा सरकारी नोकरी करत असताना बोलावणं आलं असेल, तर तो काळ त्या नोकरीच्या सर्व्हिस बुकात चढला का ते वेगळं तपासा, तिथला हिशेब निराळा आहे.

रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिला तर पत्रात सांगितलेल्या मुदतीत अपील करा आणि नकाराचं मूळ पत्र जपा, त्याशिवाय लष्करी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जाता येणार नाही. उशीर झाला म्हणून पेन्शनचा दावा आपोआप मरत नाही, पण थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणून पोस्टल ऑर्डर या आठवड्यात घ्या.

लाँग रोलचं उत्तर आलं की नंबर झाकून मंडळाच्या ईमेल यादीवर टाका. तारखांची बेरीज तपासून देतो.