निबंध विद्यार्थ्यानेच लिहिला आहे, हे कसे ओळखावे?

प्रश्न: नोव्हेंबर २०२२ मध्ये मजकूर लिहून देणारा चॅटजीपीटी हा चॅटबॉट आल्यापासून घरी लिहिलेल्या निबंधाची खात्री देता येत नाही. मग शिक्षकाने तपासायचे तरी काय?

उत्तर १: यंत्रलेखन ओळखणाऱ्या साधनांवर विसंबू नये, ती माणसाचे लेखनही यंत्राचे ठरवतात. त्यापेक्षा गूगल डॉक्समधील आवृत्त्यांचा इतिहास उघडावा, कारण कोणते वाक्य खोडून पुन्हा लिहिले आणि कोणता परिच्छेद एकदम अवतरला, हे तिथे दिसते. त्यावर दोन तोंडी प्रश्न विचारले की बरेच उलगडते.

उत्तर २: सहमत. स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग संकेतस्थळावर दुसऱ्याचा प्रकल्प रीमिक्स केल्यास, म्हणजे त्यात बदल करून आपला प्रकल्प बनवल्यास, मूळ कर्त्याचा उल्लेख आपोआप होतो. निबंधातही यंत्राची मदत तशीच नोंदवायला लावावी.

उत्तर ३: सुरक्षिततेचे काय? मुले चॅटबॉटला नाव, शाळा, छायाचित्रेही देतात, आणि मोबाइलच्या छायाचित्रात ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. ती सोय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आधी बंद करावी.