मोटर वाइंडिंगचं सर्टिफिकेट महिन्याभरात कुठे मिळेल? (नंदुरबार जिल्हा) – मदत हवी आहे

तोरणमाळकर
नमस्कार. वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवीन तार भरायच्या कामाचं, सर्टिफिकेट लवकरात लवकर कुठे मिळेल? काम मला येतं, शिकायचं नाही. कागद पाहिजे, तोही महिनाअखेरपर्यंत. ठेकेदार थांबणार नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनीच लिहा, ‘मेहनत कर, यश मिळेल’ वगैरे नको.

भो_जळगावकर
कसला ठेकेदार, कसलं काम, शिक्षण किती, वय किती? काहीच लिहिलं नाहीस भो. आम्ही काय अंगारा लावून ओळखायचं?

स्वाती_धुळे
तुम्ही आदिवासी समाजातले असाल तर आधी जातवैधता काढून ठेवा. आमच्याकडे दर जूनमध्ये मुलं रडत येतात, दाखला आहे पण व्हॅलिडिटी नाही.

तोरणमाळकर
ताई, व्हॅलिडिटी आहे. मोठ्या भावाची होती, तिच्यावर झाली. विचारलं ते वेगळंच होतं.
वय २६. गाव धडगाव तालुक्यात, आम्ही पावरा. शहाद्याला वाइंडिंगच्या दुकानात सहा वर्षं झाली. ठेकेदार सौर पंप बसवतो, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’वाले. त्याला माणसं पाहिजेत, मला घ्यायला तयार आहे, पण म्हणतो सर्टिफिकेट आण.

केळीवाला_रावेर
सौर पंपाचं चांगलं चाललंय सध्या. पाच एकराच्या वर शेती असेल तर साडेसात एचपी मिळतो, आम्हाला १० टक्के भरावे लागतात, तुम्हा लोकांना ५ टक्केच. फॉर्म भरला का तुम्ही?

भो_जळगावकर
काका, त्याला पंप नकोय, पंप बसवायचं काम हवंय.

सरकारी_योजना_माहिती
दादा, पीएम विश्वकर्मा योजनेत नाव नोंदवा. ट्रेनिंगचे दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, वर ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाख कर्ज. सर्टिफिकेट पण मिळतं. लाभ घ्या.

भो_जळगावकर
त्यात १८ धंदे आहेत. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी, मासेमारीची जाळी विणणारा, सगळे आहेत. मोटर भरणारा नाही. प्रत्येक धाग्यावर हेच चिकटवता का राव?

सरकारी_योजना_माहिती
माहिती देणं गुन्हा आहे का? कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

निवृत्त_निदेशक
मी आयटीआयत शिल्प निदेशक होतो, म्हणून विचारतो. ठेकेदाराने नेमकं काय मागितलं? ‘सर्टिफिकेट’ म्हणजे आयटीआयचं, की तारतंत्री (वायरमन) परवाना, की कसलंही चालेल? तिन्ही वेगळी आहेत. आणि दहावी पास आहेस का? हे अजून सांगितलेलं नाहीस.

तोरणमाळकर
दहावीत गणित आणि विज्ञान राहिलं. आश्रमशाळेत दोन वर्षं गणिताला सर नव्हते. ते जाऊ द्या.
ठेकेदार नुसतं ‘आयटीआय किंवा तसलं’ म्हणाला. एक सर्टिफिकेट आहे माझ्याकडे, ते त्याने परत केलं.

स्वाती_धुळे
म्हणजे सर्टिफिकेट आहे?! हे आता सांगताय?

तोरणमाळकर
ताई, ते कामाचं नाही म्हणून सांगितलं नाही. गेल्या वर्षी एक संस्था आली होती. दोन दिवस हॉलमध्ये बसवलं, जेवण दिलं, टी-शर्ट दिला, त्यात उभं करून फोटो काढले. एकाने मोबाइलवर प्रश्न वाचले, आम्ही हो-नाही म्हणालो. नंतर कागद आला, ‘असिस्टंट इलेक्ट्रिशियन’, वर क्यूआर कोड. आयटीआयच्या बरोबरीचं आहे म्हणून सांगितलं होतं. ठेकेदार बघून हसला.

निवृत्त_निदेशक
ते आरपीएल आहे. आधीपासून येणाऱ्या कामाची नोंद, एवढाच त्याचा अर्थ. कागद खोटा नाही, पण आयटीआयच्या बरोबरीचा नाही, आणि तसं सांगणाऱ्याने तुला फसवलं. फाडू मात्र नकोस. अनुभवाच्या दाखल्यासोबत जोडायला येतो.
महिन्यात आयटीआयचा कागद कुठेच मिळत नाही. कुणी देतो म्हणाला तर पैसे देऊ नकोस.

विहीरवाला
आयटीआयवाल्यांचं काय घेऊन बसलात सर? आमच्याकडे दोन वर्षं आयटीआय केलेला पोरगा आला होता, स्टेटरमधली जळकी तार काढताना वेढेच मोजले नाहीत. सगळी कापून टाकली आणि मग विचारतो, किती भरू? ह्या पोराला सहा वर्षांचा हात आहे. कागदाचं नाटक कशाला?

निवृत्त_निदेशक
एका पोरावरून सगळी आयटीआय मोडीत काढू नका. आणि नाटक नाही. उद्या साइटवर कुणाला शॉक बसला तर पहिला प्रश्न परवान्याचाच येतो. ठेकेदाराला तेच भ्यावं लागतं.

विहीरवाला
शॉक कागद बघून बसत नाही.

भो_जळगावकर
आठे हाई भांडण कायमचं शे. पोराचं सांगा ना कुणीतरी.

स्वाती_धुळे
आरसेटीत, म्हणजे बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, मोटर रिवाइंडिंगचा ३० दिवसांचा कोर्स असतो. फुकट, राहणं-जेवण तिथेच. तुमचं वय चालतं. बॅच कधी आहे ते लीड बँकेत विचारा. स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर पुढे कर्जाला उपयोग होतो, आदिवासींना कर्ज देणाऱ्या शबरी महामंडळाकडे पण विचारता येईल.

तोरणमाळकर
३० दिवस तिथे बसून मला तेच शिकवणार जे मी इथे पोरांना शिकवतो. आणि ३० दिवस दुकानातलं काम बंद म्हणजे घर बंद. स्वतःचं दुकान टाकायचंच नाहीये, ठेकेदाराकडे जायचंय. सीझनमध्ये दुकानाच्या शेठकडे काम आहे, पावसाळ्यात चार महिने बसून असतो. मागच्या वर्षी त्या चार महिन्यांत सुरतला गेलो. यंदा बायको नको म्हणते, मुलगी लहान आहे.

निवृत्त_निदेशक
हे आधी लिहिलं असतंस तर दहा उत्तरं लिहायची वाचली असती. आता ऐक.
वीजतंत्रीला, म्हणजे इलेक्ट्रिशियनला, दहावी पास लागते, ती वाट तुला बंद. तारतंत्री, म्हणजे वायरमन, दहावी नापासाला मिळतो. दोन वर्षं, ८० टक्के हजेरी. ती तुला जमणार नाही हे कळतं, तरी फॉर्म भरायच्या वेळी तालुक्याच्या आयटीआयत जाऊन ये. अनुभवी माणसाला बाहेरून परीक्षेला बसता येतं का, हेही तिथेच प्राचार्यांना विचार. फोनवर नको, समोर जा. शेठकडून लेटरहेडवर सहा वर्षांचा दाखला घे, तारखांसकट. तो नसेल तर बाकी काही पुढे सरकत नाही.
आणि ठेकेदाराला सांग, परवानाधारक माणूस तुझ्याकडे असेलच, त्याच्या हाताखाली मला मदतनीस म्हणून घे.

तोरणमाळकर
शेठ दाखला देणार नाही. दिला तर मी जाईन हे त्याला माहीत आहे.

विहीरवाला
बघा. आता कुठे खरं दुखणं कळलं.

स्वाती_धुळे
पगार बँकेत येतो का? पासबुकातल्या नोंदी पुरावा म्हणून दाखवता येतात.

तोरणमाळकर
रोख. मोटरमागे. पाच एचपी भरली की किती, साडेसात भरली की किती, असं. वहीत लिहून ठेवलंय मी, सहा वर्षांच्या सहा वह्या आहेत. गेज, वेढे, स्लॉट, कुणाची मोटर, तारीख. शेठ अहिराणीत मोजायचा, मी पावरीत मोजायचो, वेढे सारखेच निघायचे. वही चालेल का कुठे?

निवृत्त_निदेशक
वह्या जपून ठेव. आयटीआयत जाशील तेव्हा सोबत ने. नियमात बसतील की नाही हे मी इथून सांगणार नाही, पण मी त्या खुर्चीत असतो तर आधी वह्याच उघडल्या असत्या.

केळीवाला_रावेर
जरा विषयांतर करतो. माझी साडेसात एचपीची मोटर महिन्यात दोनदा जळाली. दोन्ही वेळा वेगवेगळ्या माणसाने भरली. भरण्यात चूक असेल का?

तोरणमाळकर
काका, उघडली तेव्हा तिन्ही फेजची कॉइलं काळी होती का?

केळीवाला_रावेर
नाही. दोन काळी, एक कोरीच होती.

तोरणमाळकर
कनेक्शन स्टारमध्ये (तिन्ही कॉइलांची एकेक टोकं एकत्र जोडलेली) असेल तर भरणाऱ्याची चूक नाही, एक फेज जातोय. तिन्ही सारखी काळी असती तर लोड म्हटलं असतं. प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारा, बायपास केलाय का? लाइट कमी येते म्हणून सगळे करतात. तो चालू करा, डीपीवरचा फ्यूज आणि स्टार्टरचे पॉइंट बघा, मगच भरा, नाहीतर तिसऱ्यांदा जळेल. आणि सबमर्सिबल असेल तर पॉलीवायर (प्लास्टिकचं आवरण असलेली तार) नवीन घातली का विचारा. काही जण जुनीच पुसून घालतात.

केळीवाला_रावेर
प्रिव्हेंटर काढूनच ठेवलाय. शहाद्याला दुकान कुठे, बाजारात का? गुरुवारी गाडी येणार आहे तिकडे.

तोरणमाळकर
आणा. पण ठेकेदाराला सोमवारी उत्तर द्यायचंय. सर, मदतनीसाचं बोलताना आरपीएलचा कागद दाखवू की लपवू?

निवृत्त_निदेशक
दाखव. वहीखाली ठेव.