‘स्लाइस’, ‘पार्टिशन’, ‘बाँडिंग’: मराठीत काय लिहावे?

प्रश्न : सोलारिस, फ्रीबीएसडी आणि लिनक्स या तिन्ही कार्यप्रणालींच्या सर्व्हरांसाठी एकच मराठी टिपण करायचे आहे. डिस्कच्या तुकड्यांसाठीच्या ‘स्लाइस’ आणि ‘पार्टिशन’ या दोन्ही शब्दांना ‘विभाग’ म्हटले तर चालेल का? आणि नेटवर्क कार्डांच्या ‘रिडंडन्सी’ला काय म्हणावे? कोशातला ‘अतिरेक’ हास्यास्पद वाटतो.

उत्तर : दोन्हींना ‘विभाग’ म्हणालात तर कोणाचा तरी डेटा जाईल. इंटेल यंत्रावरच्या सोलारिसमध्ये आधी एफडिस्कचे (डिस्कचे भाग पाडणाऱ्या साधनाचे) पार्टिशन असते आणि त्याच्या पोटात स्लाइस. फ्रीबीएसडीत एमबीआर (विभागांच्या नोंदीची जुनी पद्धत) असलेल्या डिस्कवर बरोबर उलटे : बाहेरचा तुकडा स्लाइस आणि आत ए ते एच अक्षरांची पार्टिशने. ‘स्लाइस पुसा’ एवढेच लिहिले तर सोलारिसवर एक फाइलसिस्टीम (फाइलींची मांडणी) जाईल, फ्रीबीएसडीवर त्या स्लाइसमधल्या सगळ्या. बाहेरच्याला ‘विभाग’, आतल्याला ‘उपविभाग’ म्हणा आणि दर वेळी त्या प्रणालीचा मूळ शब्द शेजारी ठेवा. जीपीटी (एमबीआरनंतरची नवी पद्धत) असेल तर फ्रीबीएसडीत सहसा हा दुमजली प्रकार नसतो, सरळ ‘विभाग’ लिहा.

पुरवणी : सोलारिसच्या स्लाइस २ समोर ‘बॅकअप’ असे लिहिलेले दिसते, त्याचे भाषांतर ‘राखीव प्रत’ करू नका. तिथे कसलीही प्रत नसते. तो स्लाइस म्हणजे अख्खी डिस्क (इंटेल यंत्रावर अख्खे सोलारिस पार्टिशन), बाकीच्या सगळ्यांवर पसरलेली. (फ्रीबीएसडीतले ‘सी’ पार्टिशन त्याच जातीचे.)

टिपणात हेही घाला : स्पार्क प्रोसेसरच्या यंत्रावर सिलिंडर ० (डिस्कचा अगदी पहिला पट्टा) पासून सुरू होणारा स्लाइस डेटाबेसला कच्चा, म्हणजे फाइलसिस्टीमशिवाय, देऊ नये. डिस्कचे लेबल, म्हणजे स्लाइसांची नोंद, पहिल्याच सेक्टरात असते, डेटाबेस त्यावरच लिहितो. मग रीबूटनंतर डिस्क ओळखूच येत नाही. सुरुवात सिलिंडर १ पासून करावी. यूएफएस ही फाइलसिस्टीम आपल्या पहिल्या ८ किलोबाइटला हात लावत नाही, म्हणून तिथे हा घोटाळा होत नाही.

प्रश्न : आणि कार्डांचे? अनेक कार्डे एकत्र बांधण्याच्या ‘बाँडिंग’ला ‘जोडणी’?

उत्तर : ‘जोडणी’ नको. तो शब्द ‘कनेक्शन’साठी आधीच अडकलेला आहे. ‘जोडगोळी’ गोड आहे, पण तीन कार्डे आली की फसते. ‘बाँडिंग’च ठेवा. ‘रिडंडन्सी’ला मात्र ‘राखीव सोय’ चांगले बसते, कारण एक मार्ग तुटला तर दुसरा तयार, एवढाच अर्थ हवा आहे.

लिनक्सच्या बाँडिंगमध्ये ० ते ६ असे सात मोड आहेत. फक्त राखीव सोय हवी असेल तर मोड १ (एक कार्ड चालू, बाकी राखीव) पुरे, त्यासाठी स्विचवर काही करावे लागत नाही. मोड ४ ला, म्हणजे सगळी कार्डे एकाच वेळी वापरणाऱ्या प्रकाराला, स्विचवर एलएसीपी (तारा एकत्र बांधण्याचा ठरलेला संकेत) लागतेच. शिवाय सोलारिसची आयपीएमपी (कार्डांसाठीची तिची राखीव सोय) आयपीच्या थरावर चालते, बाँडिंग त्याच्या खालच्या. दोन्हींना एक शब्द देणे म्हणजे पुन्हा स्लाइसचाच गोंधळ.

प्रश्न : ‘दोन कार्डे बांधल्याने वेग दुप्पट होतो’ हे वाक्य ठेवू का?

उत्तर : काढा. मोड ४ मध्ये एक टीसीपी प्रवाह (दोन यंत्रांमधले एक संभाषण) एकाच तारेवरून जातो. १ गिगाबिटची दोन कार्डे असली तरी एका मोठ्या फाइलच्या प्रतीला १ च मिळणार. फायदा अनेक प्रवाह असतील तेव्हा.

त्या जागी तार किती वेळाने तपासायची हे ठरवणाऱ्या ‘एमआयआयमॉन’बद्दल लिहा. बाँडिंगच्या कर्नल मॉड्यूलमध्ये त्याचे मूळ मूल्य ० असते, म्हणजे तार तपासणे बंद. मोड १ मध्ये ते तसेच राहिले आणि एआरपी तपासणीही (दुसऱ्या यंत्राला विचारून उत्तर येते का हे पाहणे) नसली, तर तार निघाली तरी राखीव कार्ड पुढे येत नाही. १०० मिलिसेकंद ठेवण्याची रीत आहे. पण एमआयआयमॉन फक्त कार्डापासून स्विचपर्यंतची तार बघतो. स्विच चालू आणि त्याची वरची तार मेलेली असेल तर त्याला काहीच कळत नाही. तिथे एआरपी तपासणी लावून गेटवेचा (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या यंत्राचा) पत्ता लक्ष्य म्हणून द्यावा. ही तपासणी मोड ४ मध्ये चालत नाही.

म्हणून ‘फेलओव्हर चाचणी’ (राखीव मार्ग पुढे येतो का, याची) या मथळ्याखाली दोन ओळी हव्यात : एकदा कार्डाची तार काढा, एकदा स्विचची वरची.