घराचे कॅमेरे: मेगापिक्सेल मागाहून, आधी भिंग आणि उंची

नमस्कार मंडळी,

घराला चार कॅमेरे लावायचे आहेत: पुढचं दार, गाडीची जागा, मागचं अंगण आणि बाजूचा बोळ. चार कॅमेऱ्यांचा ८ मेगापिक्सेलचा वायफाय संच बघून ठेवलाय, चारही २.८ मिमी भिंगाचे. माळ्यावरून वायर ओढता येण्यासारखी आहे. दाराशी आलेल्याचा चेहरा ओळखू यावा आणि दोन आठवड्यांचं रेकॉर्डिंग हाताशी असावं, एवढंच हवंय. दरमहा वर्गणी नको. घ्यावा का हा संच?

– मं. कु.

*

ताई,

नका घेऊ. चारही भिंगं एकसारखी असलेला संच तर नकोच.

खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा ठळक छापतात, पण चेहरा ओळखू येणार की नाही हे ठरतं दृश्यातल्या एका मीटर रुंदीच्या वाट्याला किती पिक्सेल येतात त्यावर. आयईसी ६२६७६-४ या कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्याच्या पायऱ्या दिल्या होत्या. कोणीतरी आलंय एवढं कळायला मीटरमागे २५ पिक्सेल पुरतात, माहितीतला माणूस ओळखायला १२५ लागतात, आणि अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची तर २५०.

आता हिशेब मांडा. २.८ मिमीचं भिंग आडवं साधारण १०० अंश बघतं. ८ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे ३८४० पिक्सेल असतात. त्यातून २५० चा निकष पाळायचा तर दृश्य १५ मीटरपेक्षा रुंद चालत नाही, आणि या भिंगात तेवढी रुंदी साडेसहा मीटरच्या आतच भरते. त्यापलीकडचा माणूस दिसेल, पण कोण ते सांगता येणार नाही. उलट ४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा ६ मिमीच्या भिंगासह लावला (सुमारे ५० अंश), तर तीच हद्द जवळपास ११ मीटरपर्यंत जाते. निम्मे पिक्सेल आणि पल्ला दीडपटीहून जास्त. म्हणून गाडीच्या जागेला ६ मिमी, अंगणाला २.८, दाराला अंतर बघून २.८ किंवा ४. अंतर नक्की नसेल तर २.८ ते १२ मिमीचं व्हेरिफोकल, म्हणजे पल्ला कमीजास्त करता येणारं भिंग घ्या आणि जागेवर फोकस लावा.

दुसरी गोष्ट उंचीची. छपराच्या कडेला, साडेतीन मीटरवर कॅमेरा लावला आणि माणूस दोन मीटरवर उभा असला, तर कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे ४० अंशांहून तिरका बघतो. टोपी असली की टोपीच दिसते. तोच कॅमेरा सव्वादोन मीटरवर आणा, कोन १७-१८ अंशांवर येतो. हात पोचतो, कोणी वळवेल ही भीती खरी आहे. त्यावर उपाय असा की गोळ्याच्या आकाराचा टरेट घ्या, त्याची पकड आतून स्क्रूने आवळता येते, आणि त्याच्यावर नजर ठेवेल असा दुसरा कॅमेरा वर लावा.

– वि. श्री.

*

काका, भिंगाचं कळलं. पण मला मुख्य चिंता रात्रीची आहे. आणि वायफायला काय हरकत?

– मं. कु.

*

ताई, रात्रीचं मी सांगतो, वायफायचं इथले नेटवर्कवाले सांगतील.

रात्री कॅमेरा ऑटोवर सोडला की प्रकाश जमवायला शटर सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत उघडं ठेवतो. चित्र छान उजळ येतं आणि दुकानातली फिल्म बघून लोक भुलतात. पण चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर सरकतो, म्हणजे त्या एका फ्रेममध्ये ९ सेंटीमीटर. चेहऱ्याचीच रुंदी १५. पुसट पांढरा धब्बा मिळतो. सेटिंगमध्ये शटरची कमाल मर्यादा १/६० (किंवा तुमच्याकडे वीज ५० हर्ट्झची असेल तर १/५०) करा. चित्र काळपट आणि दाणेदार होईल, होऊ द्या. अंधार जास्तच वाटला तर दाराशी दिवा लावा, शटर परत सैल करू नका. आणि घेताना सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा आकार विचारा: मोठ्या १/१.८ इंचाचा ४ मेगापिक्सेल रात्री १/२.८ इंचाच्या ८ मेगापिक्सेलला मागे टाकतो.

इन्फ्रारेडच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या रात्रीच्या प्रकाशाच्या तक्रारी बहुतेक जागेच्या असतात. कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला भिंत, पन्हळ किंवा खांब आला की तो प्रकाश तिथूनच परततो, कॅमेरा स्वतःला मंद करून घेतो आणि मागचं सगळं काळं पडतं. काचेच्या आतून लावला तर रात्री स्वतःचेच दिवे दिसतात. कोळी कॅमेऱ्यावर जाळं विणतात, एक धागा भिंगासमोर हलला की रात्रभर सूचना. वेगळा इन्फ्रारेड दिवा दोन-तीन मीटर बाजूला लावला की हे पुष्कळ कमी होतं. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात, ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी.

– वि. श्री.

*

मंडळी,

वायफायला हरकत अशी की कॅमेऱ्याला वीज तर लागतेच. मग वायर ओढायचीच आहे तर नेटवर्कचीच ओढा आणि वीज त्यातूनच द्या. या पद्धतीला पीओई म्हणतात. तिच्या साध्या ८०२.३एएफ प्रकारात स्विचकडून (सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या डब्याकडून) १५.४ वॉट निघतात आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ ची हमी असते. स्थिर कॅमेऱ्याला इन्फ्रारेडसकट एवढे पुरतात. ६० वॉटचा चार पोर्टचा स्विच चालेल. वायरची मर्यादा १०० मीटर.

वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर, खोक्यावर सीसीए लिहिलेली, दिवसा चालते आणि रात्री इन्फ्रारेड लागलं की कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो, कारण प्रवाह वाढला की व्होल्टेज पडतं. लोक कॅमेरा बदलत बसतात.

बाहेरच्या जोडाला कॅमेऱ्यासोबत प्लास्टिकचं झाकण येतं. ते आणि त्याचं रबर आरजे-४५ (नेटवर्क वायरीच्या टोकाचा प्लग) क्रिम्प करण्याच्या आधी वायरीत ओवा, मागाहून जात नाही. जोड भिंतीवर उघडा न ठेवता जंक्शन बॉक्समध्ये ठेवा, आणि भोकात शिरण्याआधी वायरीला खाली झोका द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा. पाणी आत शिरलं की पिना हिरव्या होतात आणि पहिल्या पावसानंतर महिन्याभराने कॅमेरा गायब होतो.

साठवण: एका कॅमेऱ्याला ४ मेगाबिट प्रति सेकंद धरले तर दिवसाला ४३ जीबी. चार कॅमेरे, १४ दिवस, म्हणजे सुमारे २.४ टीबी. ४ टीबीची डिस्क घ्या, तेवीस दिवस निघतात. डिस्क सततच्या लेखनासाठी बनवलेली, सर्व्हेलन्सवाली हवी. चोवीस तास रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि हालचालीच्या खुणा फक्त शोधण्यासाठी वापरा. नुसतं हालचालीवर सोडलं की नेमका महत्त्वाचा क्षण हुकतो.

एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि कॅमेरे ऑनव्हिफ प्रोफाइल टी हे सामाईक मानक पाळणारे घ्या, म्हणजे पुढे एक कंपनी सोडून दुसरीचा कॅमेरा जोडता येईल.

सुरक्षेचं मात्र मनावर घ्या. २०१६ च्या मिराई बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) पळवले, ते कारखान्यातले पासवर्ड तसेच राहिल्यामुळे. पासवर्ड बदला, फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप बाहेरची दारं उघडू देणारी सोय) बंद करा. बाहेरून बघायला पोर्ट फॉरवर्डिंग करू नका, म्हणजे इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंतचं दार उघडू नका. राउटरवर वायरगार्ड (घरापर्यंतचा कुलूपबंद व्हीपीएन रस्ता) चालत असेल तर तेच वापरा. कॅमेऱ्यांना इंटरनेटची गरज नाही, वेगळ्या व्हीलॅनवर (घरच्याच नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवून बाहेरचा रस्ता बंद करा आणि वेळ मिळवायला एनव्हीआरलाच एनटीपी (घड्याळं जुळवणारा) सर्व्हर करा. घड्याळ चुकलेलं रेकॉर्डिंग पोलिसांना देताना फार त्रास होतो.

एनव्हीआर, स्विच आणि राउटर तिन्ही एका यूपीएसवर टाका. सगळं मिळून ५०-६० वॉट, १२ व्होल्ट ९ एएचच्या बॅटरीवर तासभर निघतो.

– आ. गो.

*

सगळं मान्य, पण बाजूच्या बोळासाठी भिंत फोडायला लावू नका त्यांना. तिथे बॅटरीचा कॅमेरा पुरतो. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यातला पीआयआर (शरीराच्या उबेची हालचाल टिपणारा) संवेदक आडवं जाणारं शरीर चटकन पकडतो, थेट समोरून चालत येणारं उशिरा. म्हणून बोळाच्या टोकाला, तोंड वाटेकडे करून लावू नका. वाट समोरून आडवी जाईल असा बसवा. आणि शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज होत नाही, तेव्हा थंडीत सौर पट्टीवर विसंबू नका.

– रे. प.

*

बोळापुरतं मान्य आहे, दारापुरतं नाही. बॅटरी वाचवायला झोपलेला तो कॅमेरा जागा होऊन रेकॉर्डिंग सुरू करेपर्यंत माणूस अर्धी वाट पार करून गेलेला असतो.

– आ. गो.

*

दाराला वायर्ड डोअरबेल चालेल का मग? जुनी घंटा आहे.

– मं. कु.

*

चालेल, आधी जुन्या ट्रान्सफॉर्मरवर काय लिहिलंय ते बघा. बहुतेक व्हिडिओ डोअरबेलना १६ ते २४ व्होल्ट एसी लागतात, आणि जुन्या घंट्यांचे ट्रान्सफॉर्मर बऱ्याचदा ८ किंवा १० व्होल्टचे असतात. दिवसा चालतं, रात्री चित्र अडकत राहतं. मुख्य वीज बंद करून ट्रान्सफॉर्मर बदलणं हे इलेक्ट्रिशियनचं काम. पीओईवर चालणारी डोअरबेल मिळाली तर ही कटकटच नको.

शेजाऱ्याची खिडकी चौकटीत येत असेल तर तेवढ्यावर प्रायव्हसी मास्क (चित्राचा तो भाग झाकणारी चौकट) टाका. आवाजाचं रेकॉर्डिंग बंदच ठेवा, त्याचे कायदे बऱ्याच ठिकाणी चित्रापेक्षा कडक असतात.

आणि भोकं पाडायच्या आधी एक रात्र खर्च करा. एक कॅमेरा, एक ३० मीटरची तयार वायर आणि शिडी. ठरवलेल्या उंचीवर पट्टीने तात्पुरता बांधा, दिवे नेहमीसारखे ठेवा, कोणालातरी टोपी घालून नेहमीच्या वेगाने दारापर्यंत चालायला सांगा. मग एनव्हीआरवर फ्रेम थांबवून चेहरा बघा, फोनच्या छोट्या पडद्यावर नको. पुसट आला तर शटर, तिरका आला तर उंची, बारीक आला तर भिंग.

– वि. श्री.