बुलेट ३५० कास्ट आयर्न: गार असताना दमवते, गरम झाली की चालूच होत नाही

वाईकर_बुलेट:
नमस्कार मंडळी. वडिलांची १९९१ ची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे, जुनं कास्ट आयर्न इंजिन, मिककार्ब कार्बोरेटर, गिअर उजवीकडे. बरीच वर्षं शेडमध्ये नुसती उभी होती, दिवाळीत बाहेर काढली, टाकी धुतली, ऑइल बदललं आणि चालू पण झाली. पण आता सकाळी चोक ओढून, ॲक्सिलेटर देत देत किका मारल्या तरी फुसफुस करून गप्प बसते, मधेच उलटी किक येते ती वेगळीच, पोटरी काळीनिळी झालीये. एकदा धरली की मग मस्त पळते, तक्रार नाही. पण पसरणी घाट चढून पाचगणीला चहाला थांबलं की संपलं, काही केल्या चालू होत नाही. प्लग काढावा तर काळाकुट्ट. तासाभरात गार झाली की परत शहाण्यासारखी चालू! मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर गेलाय, नवीन टाका. टाकू का? वडील म्हणतात तिला कोणी हात लावू नका, एका किकची गाडी होती ती.

उद्यमनगरी:
भावा थांब, कार्बोरेटरला पैसे घालू नकोस. गार असताना होते, गरम झाली की होत नाही, परत गार झाली की होते, हे दुखणं बहुतेक वेळा कंडेन्सरचं असतंय. पॉइंट म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारा स्विच, आणि त्याला जोडलेला कंडेन्सर पॉइंटमध्येच ठिणगी पडू देत नाही. कंडेन्सर तापला की आतून लीक व्हायला लागतो, मग ठिणगी प्लगला पडायची ती पॉइंटमध्येच पडते. प्लगला जोर नाही म्हणून पेट्रोल अर्धवट जळतं, प्लग काळा होतो, आणि काळा प्लग बघून सगळे कार्बोरेटरच्या मागं लागतात.
बघायचं कसं, तर बंद पडली की तिथंच पॉइंटचं झाकण उघड, इग्निशन ऑन ठेवून कुणाला तरी सावकाश किक दाबायला सांग आणि पॉइंट उघडताना बघ. बारीक ठिणगी चालती, पण जाडजूड निळीपांढरी पडत असली तर कंडेन्सर गेला समज. पॉइंटच्या एका बाजूला टेंगूळ आणि समोरच्या बाजूला खड्डा दिसला तरी तेच. नवीन कंडेन्सर आणि पॉइंट दोन्ही टाक, गॅप फीलर गेजनं ०.३५ ते ०.४० मिमी. ब्लेड घालून अंदाजानं लावणाऱ्याला गाडीजवळ येऊ देऊ नको. पार्ट जरा बघून घे, स्वस्तातले नवे कंडेन्सर पाकिटातूनच मेलेले निघतात.

जुनी_खोडं:
कंडेन्सर बघाच, पण सकाळचा त्रास किक मारायच्या पद्धतीचा वाटतो. ॲक्सिलेटर देत देत किका मारता म्हणालात ना, तिथेच घोळ आहे. मिककार्बच्या चोकला पेट्रोलची वेगळी वाट असते आणि ती ओढ फक्त स्लाइड (मूठ पिळली की वर उचलली जाणारी कार्बोरेटरमधली झडप) खाली बसलेली असतानाच लागते. मूठ पिळली की ओढ गेली, चोक लावून न लावल्यासारखा. तेव्हा चोक लावला की मूठ सोडून द्यायची.
आता किक. इग्निशन ऑन करून किक हळूहळू दाबा आणि अँपमीटरवर नजर ठेवा. पॉइंट मिटलेले असले की काटा मायनसकडे जातो, उघडले की मध्ये येतो. काटा जागचा हललाच नाही तर किका मारत बसू नका, आधी वायर आणि पॉइंट तपासा. किक कडक लागली आणि काटा मध्ये आला की डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) दाबून किक अगदी थोडी पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण वजन टाकून एकच लांब किक. अर्धवट किक मारली की ती उलट मारणारच. तुमच्या वडिलांना विचारा, एका किकचं रहस्य हेच असणार 😄
गरम असताना पेट्रोल जास्त झालं असेल तर इग्निशन बंद, चोक बंद, मूठ पूर्ण उघडी, डीकॉम्प्रेशन दाबून चार-सहा किका, मग नेहमीसारखी किक.

नाना_पेठ_पार्ट्स:
मी थोडा वेगळं बोलतो. एवढी वर्षं उभी गाडी म्हणजे पायलट जेट (मूठ सोडलेली असताना पेट्रोल देणारा बारीक भोकाचा जेट) चिकटलेला असणारच, नुसती टाकी धुवून काही होत नाही. शिवाय आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी ओरिंग, पेट्रोल पाइप फुगवतं. कार्बोरेटर उघडून पायलट जेट स्प्रे आणि हवेने साफ करा, सुई अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की जेट बाद. फ्लोट (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणारा, भरलं की नीडलने पेट्रोल बंद करणारा) कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल वाजलं तर तो फुटलाय. कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो पाइपातून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची नीडल बदला.
नंतर इंजिन गरम करून स्लो (मूठ सोडल्यावर इंजिन चालतं तो वेग) थोडा वर घ्या, एअर स्क्रू दीड आट्यावर ठेवा आणि जिथे इंजिन सर्वात सफाईदार चालेल तिथे सोडा. यात आत फिरवला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, बाहेर काढला की लीन (हवा जास्त). स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर जेट बंद आहे किंवा हेडजवळच्या फ्लेंजमधून (कार्बोरेटर इंजिनला बसतो त्या जोडातून) हवा जातेय. नट जास्त आवळून हा फ्लेंज वाकतो, मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासावा लागतो. पण अख्खा नवीन कार्बोरेटर? गरज नाही.

उद्यमनगरी:
जेट साफ करायला माझी ना नाही. फक्त दोन्ही एकाच दिवशी करू नको भावा, नाहीतर कशानं बरी झाली ते कळणारच नाही. आधी कंडेन्सर.

वाईकर_बुलेट:
सगळ्यांचे आभार 🙏 झाकण उघडलं तर टेंगूळ-खड्डा जसा सांगितला तसाच निघाला. पॉइंट आणि कंडेन्सर बदलले, काल घाट चढून वर थांबलो, गरम असतानाच चालू झाली. सकाळी पण मूठ सोडून मारली की लवकर धरते. स्लो मात्र अजून वरखाली होतो, रविवारी जेट साफ करणार. पण उलटी किक अधूनमधून अजून येतेच, पद्धत नीट पाळून सुद्धा. आता काय बघू?

जुनी_खोडं:
पॉइंट बदललेत म्हणजे टायमिंग परत लावावंच लागतं, ते राहिलं असणार. पिस्टन टीडीसीच्या (त्याच्या सर्वात वरच्या जागेच्या) ०.८ मिमी आधी असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत, आणि हे ॲडव्हान्स युनिट (वेग वाढला की वजनं उघडून ठिणगी लवकर पाडणारं) मिटलेलं असताना मोजायचं. त्याच्या आधी ते युनिट हाताने फिरवून सोडून बघा, स्प्रिंगने झटकन परत आलं पाहिजे. इतकी वर्षं उभी गाडी, वजनं गंजून उघडीच अडकली असतील तर स्पार्क कायम लवकर पडणार आणि किक उलटणारच. काढा, रॉकेलमध्ये धुवा, ऑइलचा एक थेंब सोडा, स्प्रिंग सैल झाल्या असतील तर बदला. आणि तोपर्यंत चपलेवर किक मारू नका, बूट घाला.