नोकरी नकोशी झाली तेव्हा तुम्ही काय केलंत?

गोदाकाठ: काल लेकीला क्लासला सोडून नाशिकच्या अंबड एमआयडीसीवरून येत होतो. फर्स्ट शिफ्ट सुटली होती. चहाच्या टपरीवर पोरं शेजारी येऊन उभी राहिली आणि मशीनवरच्या कूलंटचा तो आंबट तेलकट वास आला. थेट २००९ आठवलं. सीएनसी मशीनवर होतो तेव्हा. बोटांना धातूची चिप लागून चिरा पडायच्या, जेवताना रश्शाचं तिखट त्यात झोंबायचं. राजीनामा लिहून डब्याच्या पिशवीत ठेवला होता, चार महिने. घडीवर तेल लागून कागद फाटला. दिला नाही. साहेबांना गाठून क्वालिटीत बदली मागितली. एकदम आवडायला लागलं असं नाही, पण हातात मापं घ्यायचा मायक्रोमीटर आला आणि दिवस सरायला लागले. तुमचं सांगा. सोडली, सोसली की आणखी काही?

सिडकोवाली: सोसली. घराचा हप्ता होता. बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय.

पासधारक: अकरा वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने नाशिक ते मुंबई. १९७५ पासूनची गाडी, आमच्या डब्यात काहींचे वडीलही पासधारक होते. कसारा घाटात रोज ठरवायचो, आज सांगून टाकायचं. दादर येईपर्यंत शेजारच्या काकांनी थालीपीठ खाऊ घातलेलं असायचं. त्या माणसांनीच तारलं मला.

मखमलाबादकर: मासिक पास आता केवढ्याला पडतो? भाच्याला हवाय.

द्राक्षवेल: ह्यांनी सातपूरची नोकरी सोडून दिंडोरीकडची घरची बाग धरली. शेतीत मोकळीक असते म्हणणाऱ्यांनी एकदा ऑक्टोबर छाटणीनंतर यावं. फुलोऱ्यात पाऊस आला की गळ आणि डाऊनी रोग, मग पहाटेच फवारणीचा ब्लोअर सुरू. एका वर्षी काढणीच्या तोंडावर अवकाळी आला, मणी तडकले. त्या रात्री दोघंही जेवलो नाही. तरी परत कंपनीत जाऊ, असं ते कधी म्हणाले नाहीत. घरी रागावून यायचे ते थांबलं, मला तेवढं पुरे.

सिडकोवाली: ताई, डोळ्यांत पाणी आलं.

हिशेबी: सोडा, पण तारीख बघून. माझा मित्र चार वर्षं तीन महिन्यांवर भांडून बाहेर पडला. पर्मनंट माणसाला सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे सोडताना कंपनीकडून एकरकमी पैसे, मिळते. शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. आणि रागात पीएफ काढू नका, नव्या ठिकाणी ट्रान्सफर करा. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते.

द्राक्षवेल: आमचा पीएफ पहिल्याच वर्षी बागेच्या ड्रिपमध्ये गेला.

नवा_ऑपरेटर: सगळं वाचलं. मी आत्ता सेकंड शिफ्टला निघालोय. सात महिने झाले, गेट दिसलं की पोटात कालवतं. घरी बोललो नाही. वडिलांनी ओळखीने लावलंय.

गोदाकाठ: अरे, आधी शिफ्ट नीट कर, मशीनवर डोकं शांत ठेव. उद्या सकाळी दहाला त्रिमूर्ती चौकात ये. क्वालिटीत कुठे घेतायत का विचारून ठेवतो. व्हर्नियर वाचता येतं ना?

नवा_ऑपरेटर: येतं दादा. आयटीआय झालंय. येतो.